तलंगा अंड्यावर येताना घ्यायची काळजी

पिल्ले आणून चार-पाच महिने झाले, पिसे भरली, चालीत डौल आला, की घरातला प्रत्येक जण सकाळी खुराड्याचे दार उघडताना आत वाकून पाहू लागतो. पिल्लाचे वय सरले आहे, पण अंडे अजून दिलेले नाही, अशा मधल्या अवस्थेतल्या मादीला आपल्याकडे तलंग म्हणतात. पहिल्या अंड्याआधीचे तीन आठवडे आणि त्यानंतरचे चार-पाच आठवडे हा तलंगेच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असतो, आणि नेमक्या याच काळात पाळणारा माणूस उतावीळ होतो, असा माझा अनुभव आहे. अंडे लवकर मिळावे म्हणून आपल्या हातात फारसे काही नसते. मात्र ते येईल तेव्हा कोंबडीच्या हाडांत पुरेसे कॅल्शियम असावे, तिला निवांत बसायला जागा असावी आणि अंडे घालताना तिच्या जिवावर बेतू नये, यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. माझ्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या परसात गावरान आणि गिरिराज मिळून वीस-पंचवीस कोंबड्या असतात. त्यामुळे पुढची उदाहरणे तिथली आहेत; पण देशावर, विदर्भात किंवा शहरातल्या घराच्या अंगणात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग व्हावा.

कोणती तलंग कोणत्या वयात

पहिल्या अंड्याचे वय जातीवर अवलंबून असते आणि त्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आढळतात. व्यापारी शेडमधली पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंडी देऊ लागते. तिचा हिशोब परसातल्या कोंबडीला लावला, तर पदरी निराशाच येते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या ग्रामप्रिया आणि वनराज, तसेच बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज या जाती मोकळ्या परसात साधारण साडेपाच ते सहा महिन्यांनी अंड्यावर येतात. कडकनाथलाही जवळपास तितकाच काळ लागतो. अस्सल गावरान तलंग सहा ते सात महिने घेते आणि खाणे अपुरे असेल तर आठवा महिनाही उजाडतो. कडकनाथविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो: तिचे मांस काळे असले तरी अंड्याचे कवच काळे नसते, ते फिकट तपकिरी किंवा दुधी रंगाचे असते. काळे अंडे येईल म्हणून वाट पाहत बसू नये, आणि कोणी काळी अंडी कडकनाथची म्हणून विकत असेल तर घेऊ नयेत.

वयाइतकाच ऋतूचाही परिणाम होतो. कोंबडीचे शरीर उजेडाचे तास मोजते. मृगाच्या सुमारास आणलेली पिल्ले वाढत असताना दिवस लहान होत जातात आणि ती वयात येतात तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो, त्यामुळे त्यांचे पहिले अंडे दोन-तीन आठवडे लांबू शकते. याउलट डिसेंबर-जानेवारीत निघालेल्या पिल्लांची वाढ दिवस मोठा होत असताना होते आणि त्यांतल्या काही तलंगा अपेक्षेआधीच अंड्यावर येतात. शेजारच्या कोंबड्या अंडी देत आहेत आणि आपल्या नाहीत, एवढ्यावरून खाद्य बदलण्याआधी आपली पिल्ले कोणत्या महिन्यात निघाली होती, हे कॅलेंडरमध्ये पाहावे.

कोंबड्यांमध्ये कोंबडा असल्याशिवाय अंडी येत नाहीत, हा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे. तो खरा नाही. कोंबडा नसतानाही तलंग वेळेवर आणि तेवढीच अंडी देते; फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. खाण्यापुरतीच अंडी हवी असतील आणि शेजाऱ्यांना पहाटेची बांग सोसत नसेल, तर कोंबडा पाळण्याची गरज नाही.

अंडे जवळ आल्याच्या खुणा

पहिली खूण चेहऱ्यावर दिसते. फिकट गुलाबी असलेला तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी भरू लागते आणि पंधरा-वीस दिवसांत लालभडक, किंचित चकाकणारी होते. कडकनाथच्या काळसर तुऱ्यावर हा बदल नीट कळत नाही, तिथे पुढच्या खुणांवरच विसंबावे लागते. दुसरी खूण वागण्यातली आहे. एरवी हात पुढे केला की पळणारी तलंग अचानक जागच्या जागी दबकते, पंख किंचित पसरते आणि पाठ सपाट करून बसून राहते. ती आजारी पडली असे समजून लोक घाबरतात. वस्तुतः ती कोंबड्याला दिलेली संमती असते आणि अशी दबकू लागलेली तलंग बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत अंडे देते. तिसरी खूण म्हणजे जागा शोधणे. ती गोठ्यातल्या गव्हाणीत डोकावते, लाकडांच्या खोपीत शिरते, गवताच्या उडवीच्या बुंध्याशी उकरते आणि एरवी नसलेला एक लांबट, तक्रारीसारखा आवाज काढत हिंडते.

खात्री करून घ्यायची असेल तर हाताने तपासावे. तिन्हीसांजेनंतर तलंगा दांडीवर बसल्या की त्या शांत असतात, तेव्हा एकीला अलगद उचलून छातीशी धरावे, डोके आपल्या काखेकडे आणि शेपूट बाहेर. शेपटीखाली गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक, टोकदार हाडे हाताला लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगेत या दोन हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावते आणि हाडे ताठ लागतात. अंडे जवळ आले की तिथे दोन बोटे सहज बसतात, पुढे तीनही. हाडांची टोके लवचिक होतात आणि छातीच्या हाडाच्या टोकापासून या हाडांपर्यंतचे पोट मऊ, भरलेल्या पिशवीसारखे लागते. गुदद्वार पूर्वी लहान, गोल आणि कोरडे असते, ते आता रुंद आणि ओलसर दिसते. हे करताना छातीच्या मधल्या हाडावरही बोट फिरवावे. हाड सुरीच्या धारेसारखे वर आलेले असेल तर तलंग रोड आहे, तिचे खाणे वाढवले पाहिजे. हाड लागतच नसेल आणि पोटाशी चरबीचा जाड थर असेल तर ती फार लठ्ठ झाली आहे. लठ्ठ तलंगेची अंडी अडकण्याची भीती जास्त असते, आणि गिरिराजसारख्या वजनदार जातीत हा दोष हटकून दिसतो, कारण तिला धान्य कितीही घातले तरी ती खातच राहते.

अंडी घालण्याची जागा

घरटी म्हणजे अंडी घालण्याचे खोके तलंगा पाच महिन्यांच्या होण्याआधीच खुराड्यात ठेवावेत, म्हणजे पहिल्या अंड्याच्या वेळी ती वस्तू त्यांच्या ओळखीची झालेली असते. एका खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १२ इंच असावी. गिरिराज किंवा वनराजसाठी १४ इंच बरे. चार ते पाच कोंबड्यांमागे एक खोका पुरतो, मात्र कोंबड्या तीनच असल्या तरी दोन खोके ठेवावेत, कारण सगळ्यांना एकाच वेळी तेच एक हवे असते. आंब्याची लाकडी पेटी आडवी करून किंवा टोमॅटोच्या क्रेटला तीन बाजूंनी गोणपाट शिवून उत्तम घरटे होते. तेलाचा १५ किलोचा डबा गावरान तलंगेला चालतो, पण वजनदार जातीला अपुरा पडतो आणि त्याच्या कापलेल्या कडा नीट दुमडल्या नाहीत तर पाय चिरतात. खोक्याच्या पुढच्या बाजूला चार इंचांची आडवी पट्टी ठोकावी, म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर घरंगळत नाहीत. आत भाताचा पेंढा किंवा कोरडे गवत चार बोटे जाड अंथरावे. नुसते तूस घातले तर ते उकरून फेकले जाते आणि अंडे फळीवर आपटते.

खोका कुठे ठेवावा, यात माझी पहिल्या वर्षी चूक झाली. मी घरटी भिंतीवर उंच लावली आणि बसायची दांडी खाली राहिली. कोंबडी रात्री नेहमी सर्वांत उंच जागा शोधते, त्यामुळे साऱ्या तलंगा घरट्यात झोपू लागल्या आणि सकाळी घातलेले प्रत्येक अंडे विष्ठेने माखलेले मिळू लागले. ती सवय मोडायला महिना गेला. म्हणून दांडी वर, घरटे खाली: जमिनीपासून एक ते दीड फूट उंचीवर, खुराड्यातल्या सर्वांत अंधाऱ्या आणि वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात. तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा सोडला तर तलंगांना ते अधिक आवडते.

घरट्यात एक खोटे अंडे ठेवावे. प्लास्टिकचे मिळते, टेबल टेनिसचा चेंडूही चालतो, आणि नदीतला गुळगुळीत पांढरा गोटा तर फुकटचा आहे. इथे अंडे सुरक्षित राहते, हे तलंग त्यावरून समजते. शिवाय पहिली तलंग अंड्यावर आली की पुढचे दोन-तीन आठवडे सर्वांना सकाळी दहा-अकरा वाजेपर्यंत खुराड्यातच, दाणापाणी देऊन, बंद ठेवावे. बहुतेक अंडी सूर्योदयानंतरच्या पाच-सहा तासांत घातली जातात, त्यामुळे एवढा वेळ आत राहिलेली तलंग घरट्याचा नाद सोडत नाही. हे केले नाही तर ती करवंदीच्या जाळीत चोरून अंडी घालते, आणि आपल्याला ती सापडेपर्यंत तिथे मुंगसाची हजेरी लागलेली असते. लपवलेली अंडी सापडलीच, तर ती किती दिवसांची आहेत हे सांगता येत नसल्याने खाण्यापूर्वी एकेक पाण्यात सोडून पाहावे: ताजे अंडे तळाशी आडवे पडते, शिळे होत जाईल तसे उभे राहते आणि तरंगणारे टाकून द्यावे, कारण आतले पाणी उडून गेल्यामुळे त्यातली हवेची पोकळी मोठी झालेली असते.

मुंगूस, उंदीर, नाग आणि धामण हे सगळे अंड्यांचे गिऱ्हाईक आहेत. मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, पण साप आत येतो. म्हणून जमिनीपासून निदान दोन फुटांपर्यंत अर्धा इंची वेल्डेड जाळी लावावी आणि ती सहा इंच मातीत पुरावी.

खाद्य: ज्यावर सगळे अवलंबून आहे

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. दिवसाला १०० ग्रॅम खाणाऱ्या तलंगेला वाढीचे खाद्य म्हणजे ग्रोअर देत राहिलो, तर त्यातून तिला जेमतेम १ ग्रॅम कॅल्शियम मिळते, तेही सगळे अंगी लागत नाही. नुसती ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या घातल्या तर तेवढेही मिळत नाही. तरीही ती अंडे देते, कारण कमी पडलेले कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास साठा तयार होऊ लागतो. हा साठा भरण्याच्या दिवसांत खाणे निकस असेल, तर पुढे पातळ कवच, मऊ अंडी, आणि एके दिवशी पाय पसरून बसलेली, उठू न शकणारी कोंबडी असा क्रम पाहावा लागतो. ती कोंबडी पाहिलेला माणूस खाद्याच्या पैशांत पुन्हा काटकसर करत नाही.

लेयर म्हणजे अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. हे खाद्य चौथ्या महिन्याआधी मुळीच देऊ नये. वाढत्या पिल्लाला एवढे कॅल्शियम पेलत नाही आणि मूत्रपिंडे कायमची बिघडू शकतात. जातीनुसार पहिल्या अंड्याची वेळ जवळ आली, तुरे लाल होऊ लागले, की आठ-दहा दिवसांत बदल करावा: पहिले तीन दिवस तीन भाग ग्रोअर आणि एक भाग लेयर, पुढचे तीन दिवस निम्मे-निम्मे, मग तीन भाग लेयर, आणि अखेरीस पूर्ण लेयर. बंद जागेतल्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. दिवसभर परसात चरणाऱ्या कोंबडीला सकाळ-संध्याकाळ मिळून ५० ते ६० ग्रॅम पुरते, मात्र उन्हाळ्यात रान सुकले, किडे-मुंग्या आणि हिरवा पाला मिळेनासा झाला, की हे प्रमाण वाढवावे लागते. हिरव्यात शेवग्याचा पाला आणि लसूणघास यांचा मला चांगला अनुभव आहे; बलक पिवळाधमक होतो तो त्यामुळेच. शेंगदाण्याची पेंड द्यायची असेल तर ती कोरडी आणि बुरशीचा वासही नसलेली असावी, कारण बुरशी लागलेली पेंड कोंबडीच्या यकृताला विष ठरते. सुकट प्रथिनांसाठी उत्तम, पण भरपूर घातली तर अंड्याला तिचा वास येतो, आणि खारट असेल तर धुऊन वाळवल्याशिवाय देऊ नये.

लेयर खाद्य चालू असले तरी शिंपल्यांची वेगळी वाटी ठेवावीच. प्रत्येक कोंबडीची गरज वेगळी असते आणि ती आपल्याला लागेल तेवढेच वेचून खाते; खाद्यातच जास्तीचा चुरा मिसळला तर जी अजून अंड्यावर आलेली नाही, तिलाही तो नाइलाजाने खावा लागतो. कोकणात यासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांतल्या मासळीचे, कालवण झाले की उरलेल्या शिंपल्या धुऊन उन्हात वाळवतो, चुलीतल्या निखाऱ्यावर थोडा वेळ ठेवतो, म्हणजे त्या ठिसूळ होतात, आणि मग जाड फडक्यात बांधून वरवंट्याने ठेचतो. पीठ करायचे नाही; ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. असे तुकडे कोंबडीच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, आणि कवच चढण्याचे काम मुख्यतः रात्रीच चालत असल्याने त्यांचा नेमका त्या वेळी उपयोग होतो. म्हणून ही वाटी दुपारनंतर ताजी भरावी. जिथे शिंपल्या मिळत नाहीत तिथे खाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा भरडा आणावा. घरची अंड्यांची टरफलेही चालतात, पण ती तव्यावर खरपूस भाजून बारीक चुरावीत. कच्ची अर्धी टरफले पुढ्यात टाकली तर कोंबडीला अंडे फोडून खाण्याची चटक लागते. पानाला लावायचा चुना मात्र कधीही घालू नये, तो दाहक असतो.

पाण्याचा विचार आपण फार कमी करतो. कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, आणि वैशाखात त्याहून कितीतरी जास्त. अंड्यावर आलेल्या कोंबडीला काही तास जरी पाणी मिळाले नाही तरी दुसऱ्या दिवशीचे अंडे चुकते. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे आणि दिवसातून दोनदा पाणी बदलावे. भर उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे उत्तम खाद्य असूनही कवच पातळ पडते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पातळ कवचाची तक्रार असेल तर आधी खुराड्यावर ओली गोणपाटे टाकून पाहावीत.

जंतनाशक आणि लसीकरण अंडी सुरू होण्याआधी उरकावे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आठव्या-दहाव्या आठवड्यात झाली असेल, तर अंड्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा द्यायची का, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. अंड्यावर आल्यानंतर दिलेल्या औषधांचा अंश अंड्यात उतरू शकतो, म्हणून किती दिवसांची अंडी टाकायची, हे औषध घेतानाच विचारावे.

उजेड

आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा. भरपूर अंडी येण्यासाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. चार-सहा कोंबड्यांसाठी दिवा लावलाच पाहिजे असे मला वाटत नाही; गावरान कोंबडी थंडीत थोडी विश्रांती घेते आणि ती तिला मिळावी. तरीही लावायचा असेल तर तलंगा अंड्यावर येऊ लागल्यावरच लावावा, लहान वयात उजेड वाढवला तर शरीर भरण्याआधीच अंडी सुरू होतात. पाच वॅटचा एक पिवळा एलईडी पहाटे लावावा आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाने वेळ वाढवावी. संध्याकाळी दिवा लावून तो एकदम बंद केला तर कोंबड्यांना अंधारात दांडी सापडत नाही. एकदा वाढवलेला उजेड मध्येच कमी केला तर अंडी थांबतात आणि पिसे झडू लागतात.

पहिली अंडी

बलक अंडाशयातून सुटल्यापासून पूर्ण अंडे बाहेर येईपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळजवळ २० तास एकट्या कवचालाच लागतात. म्हणूनच कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते, आणि वेळ दुपारवर गेली की एक दिवस खाडा करते. पहिल्या दिवशी तलंग घरट्यात तासभरही बसते. ती गोल फिरते, चोचीने पेंढ्याच्या काड्या उचलून पाठीवर टाकते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. अखेरीस अर्धवट उभी राहते, पाठीवरची पिसे फुलतात आणि अंडे खाली येते. त्या क्षणी हातात घेतले तर ते ओले आणि चकाकणारे असते, आणि बघता बघता तो ओलावा आटून कवच कोरडे, मंद होते. ती आटलेली झिलई म्हणजे जंतूंना आत येऊ न देणारे नैसर्गिक आवरण असते. या सगळ्या वेळात जवळ जाऊ नये, मुलांनाही दुरूनच पाहू द्यावे.

पहिले अंडे लहान असते, बहुधा ३० ते ४० ग्रॅमचे. पहिल्या महिन्यात अंड्यांचे नाना प्रकार दिसतात आणि त्यांतले बहुतेक निर्धोक असतात. कवचावर रक्ताची बारीक रेघ असणे, बलकच नसलेले लिंबाएवढे अंडे, दोन बलक एकाच वेळी सुटल्यामुळे झालेले जोडबलकाचे मोठे अंडे, नुसत्या पातळ पडद्यातले मऊ अंडे, लांबट किंवा सुरकुतलेले कवच: हे सारे नवीन यंत्रणा जुळून येण्याचे प्रकार आहेत. तीन-चार आठवड्यांत ते आपोआप थांबतात. मात्र मऊ अंडी त्यानंतरही येत राहिली तर कॅल्शियम, पाणी आणि उन्हाचा ताण या क्रमाने कारण शोधावे. रक्त रेघेपुरते न राहता रोज ठिपके-थेंब दिसू लागले तर कोंबडी पशुवैद्यकाला दाखवावी.

खरी काळजी करण्यासारख्या गोष्टी दोनच. एक, अंडे अडकणे. तलंग शेपूट खाली सोडून, पाठ उभी करून पेंग्विनसारखी उभी राहते, कुंथते, खात नाही, घरट्यात जाऊन रिकामीच परत येते. तिला कोमट पाण्याच्या घमेल्यात पोट बुडेल अशी १५ ते २० मिनिटे बसवावी, पुसून अंधाऱ्या उबदार जागी डालग्याखाली ठेवावी आणि पाण्यातून कॅल्शियम द्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न करू नये, आत फुटले तर कोंबडी हाती लागत नाही. काही तासांत अंडे आले नाही तर पशुवैद्यकाकडे न्यावी, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दुसरी गोष्ट म्हणजे गुदद्वारातून लाल मांस बाहेर दिसणे. हे दिसताक्षणी ती कोंबडी वेगळी करावी, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथे टोचतात आणि तासाभरात तिचा जीव जातो. जागा स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन, अंधारात ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. लहान वयात घाईने अंड्यावर आणलेल्या आणि लठ्ठ तलंगांत हे दोन्ही प्रकार जास्त आढळतात.

अंडी गोळा करणे आणि पहिली खुडूक

अंडी दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीनदा गोळा करावीत. कोंबड्यांत कोंबडा असेल तर हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण उन्हाळ्यातल्या गरमीत फलित अंड्यात गर्भाची वाढ सुरू होऊ शकते. अंडी धुऊ नयेत, धुतल्याने वर सांगितलेले आवरण निघून जाते. डाग असेल तर कोरड्या फडक्याने पुसावा. फार मळलेले अंडे कोमट पाण्याने धुऊन त्याच दिवशी वापरावे. साठवताना निमुळते टोक खाली ठेवावे. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात अंडी खोचून ठेवण्याची पद्धत आहे आणि थंडीत ती आठवडाभर उत्तम टिकतात, पण एप्रिलनंतर फ्रीजच बरा.

गावरान तलंग बारा-पंधरा अंडी घालून झाली की खुडूक बसते. ती घरट्यातून उठत नाही, हात नेला की पिसे फुलवून अंगावर येते आणि अंडी बंद होतात. गिरिराज, ग्रामप्रियामध्ये ही सवय फार कमी असते. पिल्ले काढायची नसतील तर तिला पहिल्याच दिवसापासून घरट्यातून काढून, खालून हवा खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवावे; पोटाला गारवा लागला की खुडूक मोडते आणि दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. पिल्ले काढायची असली तरी तिची स्वतःची पहिली अंडी तिच्याखाली ठेवू नयेत. लहान अंड्यातून निघणारे पिल्लू लहान आणि अशक्त असते. त्याऐवजी निदान वर्षभर अंड्यावर असलेल्या जुन्या कोंबडीची, आठवड्याच्या आत घातलेली, एकसारख्या आकाराची दहा-बारा अंडी पेन्सिलीने खूण करून संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवावीत. पुढे दुसरी एखादी कोंबडी त्यात आपले अंडे घालून गेली, तर ती खूण नसलेले अंडे रोज काढून घेता येते.